काज, त्रैराशिक आणि मिस बस

डिसेंबर १८६३. लंडनमध्ये ८३ मुली केंब्रिज विद्यापीठाच्या शालेय परीक्षेला बसल्या. प्रश्नपत्रिका मुलांच्याच, वेळही तितकाच. फक्त निकाल खाजगी. विद्यापीठाने परवानगी दिली ती एवढीच, की छापलेल्या प्रश्नपत्रिका घ्या आणि परीक्षकांनी मान्य केलं तर त्यांच्याकडून तपासून घ्या. एमिली डेव्हिस या बाईंनी अर्जविनंत्या करून हा होकार मिळवला होता. तो हाती पडला तेव्हा परीक्षेला जेमतेम सहा आठवडे उरले होते. तेवढ्यात देशभरातून मुली गोळा करायच्या होत्या.

त्या ८३ पैकी २५ एकाच शाळेच्या होत्या: उत्तर लंडनमधल्या कॅम्डनची नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल. इंग्रजीत मुलींनी चांगलं केलं. अंकगणितात मात्र धूळधाण उडाली. मोठ्या गटातल्या बहुसंख्य मुली त्यातच नापास झाल्या आणि या शाळेच्या मुलीही त्यातून सुटल्या नाहीत.

शाळेच्या संस्थापिका फ्रान्सिस मेरी बस तेव्हा ३६ वर्षांच्या होत्या. त्या जागी दुसरं कोणी असतं तर ‘बघा, मुलींना गणित झेपत नाही’ म्हणणाऱ्यांसमोर मान खाली घातली असती, किंवा पुन्हा परीक्षेच्या वाटेला गेलं नसतं. बाईंनी निकाल हातात घेऊन गणित शिकवण्याची पद्धतच बदलायला घेतली. या शाळेचा स्वभाव मला या एका प्रसंगात सापडतो. तिचा इतिहास लिहिणारे बहुधा इमारतीपासून नाहीतर नामवंत माजी विद्यार्थिनींपासून सुरुवात करतात. मी अंकगणितापासून केली, कारण निवडक प्रवेशाची, परीक्षेच्या चाळणीची जी काही प्रतिष्ठा आज इंग्लंडमध्ये आहे, तिचं मुलींच्या बाजूचं मूळ इथे आहे.

मुली नापास का झाल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. तेव्हाच्या सुखवस्तू घरातली मुलगी घरच्या गव्हर्नेसकडे, नाहीतर कुणा बाईंच्या छोट्या खाजगी शाळेत शिकायची. इतिहास-भूगोल म्हणजे प्रश्नोत्तरांचं पुस्तक: प्रश्न बाईंनी वाचायचा, उत्तर मुलीने घडाघडा म्हणायचं. गणितात नियम पाठ, आणि त्या नियमाखाली त्याच साच्याची उदाहरणं वहीत सुबक अक्षरात उतरवायची. इंग्रजी हिशेब आपल्या आणे-पैंसारखाच किचकट होता. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. वजनात १६ औंसांचा पौंड, १४ पौंडांचा स्टोन. त्रैराशिकाचं उदाहरण ‘त्रैराशिक’ या मथळ्याखाली आलं तर सुटायचं. प्रश्नपत्रिकेत बिनमथळ्याचं आलं की कुठला नियम लावायचा तेच कळायचं नाही. पावकी-निमकी मुखोद्गत असलेला पोरगाही किराणा दुकानात गडबडतो, तसंच हे. दोष मुलींच्या डोक्यात नव्हता, मथळ्यांत होता.

सरकारी चौकशी आयोगाचंही पुढे हेच मत पडलं. माध्यमिक शाळांची पाहणी करण्यासाठी १८६४ मध्ये टॉन्टन आयोग नेमला गेला. त्याने मुलांच्या शाळाच पाहाव्यात असा बेत होता. मुलींच्या शाळा त्यात आल्या त्या पुन्हा एमिली डेव्हिस यांच्या खटपटीमुळे. मिस बस यांची १८६५ मध्ये साक्ष झाली. १८६८ च्या अहवालात मुलींच्या शिक्षणावर जे ताशेरे आहेत त्यांचा मथितार्थ असा: पाया कच्चा, शिस्तवार पद्धत नाही, वरवरचा चकचकाट, मूळ गोष्टींकडे दुर्लक्ष आणि पियानो-चित्रकलेसारख्या ‘कलागुणां’वर वेळेची उधळण. जुन्या धर्मादाय देणग्यांचा पैसा जवळजवळ सगळा मुलांच्या शाळांकडे जातो, हेही आकड्यांनिशी चव्हाट्यावर आलं. केंब्रिजने तोवर, १८६५ मध्येच, या परीक्षा मुलींना रीतसर खुल्या केल्या होत्या.

आता थोडं मागे. शाळा सुरू झाली ४ एप्रिल १८५० ला, ४६ कॅम्डन स्ट्रीट या घरात, ३५ मुलींवर. वर्ष संपेपर्यंत पट शंभरावर गेला. फ्रान्सिसचे वडील रॉबर्ट विल्यम बस चित्रकार होते. कमाई आज आहे तर उद्या नाही. संसाराला हातभार म्हणून आईने शाळा काढली होती आणि फ्रान्सिस चौदाव्या वर्षापासून शिकवत होती. दिवसा शिकवायचं आणि संध्याकाळी हार्ली स्ट्रीटवरच्या नव्या क्वीन्स कॉलेजात व्याख्यानं ऐकून प्रमाणपत्रं मिळवायची, असा क्रम. कॅम्डनची शाळाही आधी घरचाच कारखाना होती. वडील चित्रकला आणि विज्ञान शिकवायचे, भाऊही वर्ग घ्यायचे. स्थानिक पाद्री डेव्हिड लेंग यांचा भक्कम पाठिंबा होता, तरी शाळा पंथाची नव्हती. कुठल्याही पंथाची, ज्यू घरातलीसुद्धा मुलगी घेतली जाई आणि पालकांना नको असेल तर धर्मशिक्षणातून सूट मिळे. १८५० च्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

वेळापत्रकही विचार करून आखलेलं. मुख्य तास सकाळी नऊच्या सुमारास सुरू होत आणि दुपारी दीडच्या आसपास संपत. मुलगी जेवायला घरी. दुपारी थांबायचं ते ऐच्छिक विषयांसाठी. यामागे दोन हिशेब होते. एक, मुली लांबून यायच्या. दुसरा, ‘मुलगी घरकामातून गेली’ ही तक्रार जागच्या जागी मिटायची. आपल्याकडे पुण्यात १८८४ मध्ये न्या. रानडे, रा. गो. भांडारकर आणि वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकाराने मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, सुरू झालं, तेव्हा टिळकांच्या वृत्तपत्रांनी ज्या गोष्टी धारेवर धरल्या त्यांत अभ्यासक्रमाइतकीच शाळेची वेळही होती. मुलींच्या शाळेचं भांडण घड्याळावरून सुरू होतं, हे लंडन आणि पुणे दोन्हीकडे सारखंच.

दुसरं भांडण शरीराचं. १८७४ मध्ये हेन्री मॉड्सली या नावाजलेल्या मनोविकारतज्ज्ञाने लेख लिहिला, की वाढीच्या वयात मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांची प्रकृती कायमची बिघडेल. त्याला एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टर बाईंनी छापील उत्तर दिलं. मिस बस यांचं उत्तर व्यवहारी होतं: शाळेत व्यायामशाळा आणि मुलींच्या तपासणीला स्त्री-डॉक्टर. टीकाकाराशी वाद घालण्याऐवजी वजनकाटा पुढे ठेवायचा.

आता काज. १८८० च्या दशकात या शाळेत प्रवेश हवा असेल तर लेखी परीक्षेबरोबर बटणाचं काज करून दाखवावं लागे. इंग्रजी-गणितात हुशार असलेली मुलगी काजात अडकली तर घरी जाऊन शिकून ये. मला हे फार आवडतं आणि तितकंच खटकतंही. आवडतं, कारण काज खोटं करता येत नाही. कापड किती चिरायचं याचा अंदाज हवा, नाहीतर बटण निसटतं. टाके एकसारखे आणि लगत हवेत, नाहीतर चार धुण्यांत कडा उसवते. पाठांतराचा इथे उपयोग शून्य. खटकतं, कारण मुलांच्या कुठल्याही शाळेने काज मागितलं नसतं. बाईंना दोन्ही दगडांवर पाय ठेवणं भाग होतं: मुलगी केंब्रिजची प्रश्नपत्रिका सोडवते हे विद्यापीठाला दाखवायचं आणि ती सुईदोरा विसरली नाही हे पालकांना.

शिस्तीच्या बाबतीत मात्र बाईंचं कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं. नियमांचा सुळसुळाट होता. रस्त्याने तिघींपेक्षा जास्त जणींनी एका ओळीत चालायचं नाही. जिन्यावरून पळायचं नाही. कंपासपेटी खाली पाडायची नाही. बुटांची पिशवी एकाच बंदाने अडकवायची नाही. पुस्तक घरी विसरायचं नाही. नियम मोडला की नोंद. प्रत्येक नियमामागे कधीतरी घडलेला एक प्रसंग असणार, पण प्रसंग विसरला जातो आणि नियम उरतो. शेकडो मुली, अरुंद जिने आणि ‘मुलींची मोठी शाळा म्हणजे गोंधळ’ अशी टपून बसलेली दुनिया, हे धरलं तरी पेटी पडण्याची नोंद ठेवणं हे जास्तच झालं.

संस्था म्हणून शाळेचं वळण बदललं ते १८७०-७१ मध्ये. तोवर ती बाईंच्या मालकीची होती आणि चांगली चालत होती. त्यांनी ती विश्वस्तांच्या हवाली केली, स्वतःचं उत्पन्न सोडलं आणि पगारी मुख्याध्यापिका झाल्या. १८७१ च्या जानेवारीत मूळ शाळा कॅम्डन रोडवर हलली आणि ४६ कॅम्डन स्ट्रीटच्या रिकाम्या घरात कमी फीची दुसरी शाळा सुरू झाली: कॅम्डन स्कूल फॉर गर्ल्स. कल्पना अशी की कारकुनाची, दुकानदाराची मुलगी तिथे शिकेल आणि हुशार असेल तर शिष्यवृत्तीवर वरच्या शाळेत येईल. पैसे मात्र येता येईनात. मुलांच्या शाळेसाठी झोळी फिरवली की भरायची, मुलींच्या शाळेसाठी नाही. शेवटी लंडनच्या जुन्या व्यापारी संघांपैकी ब्रुअर्स कंपनीकडच्या एका धर्मादाय निधीतून मोठी रक्कम मिळाली, क्लोथवर्कर्स कंपनीने सभागृहाला हातभार लावला आणि १८७९ मध्ये सँडल रोडवर शाळेची स्वतःची इमारत उभी राहिली.

या काळात शाळेत आलेल्या गणिताच्या शिक्षिका म्हणजे सोफी ब्रायंट. जन्म डब्लिनचा, १८५० चा, अकाली वैधव्य, १८७५ मध्ये शाळेत रुजू. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्यावर त्यांनी नोकरी सांभाळून १८८१ मध्ये बी.एस्सी. आणि १८८४ मध्ये डी.एस्सी. मिळवली. डी.एस्सी. झालेल्या इंग्लंडमधल्या त्या पहिल्या स्त्री. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांच्या भूमितीवर त्यांनी शोधनिबंध लिहिला. वीस वर्षांपूर्वी ज्या शाळेच्या मुली अंकगणितात नापास झाल्या होत्या, तिथे आता गणिताच्या तासाला ही बाई उभी होती. १८९४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मिस बस वारल्या आणि पुढे १९१८ पर्यंत मुख्याध्यापिका म्हणून ब्रायंट यांनी शाळा चालवली. त्या सायकल चालवायच्या, डोंगर चढायच्या. १९२२ मध्ये आल्प्समधल्या शामोनीच्या डोंगरात फिरायला गेलेल्या असतानाच त्यांचा अंत झाला. नियमांचा पसारा त्यांच्या काळात सैलावला, हे सांगायला नकोच.

मिस बस यांचं नाव नेहमी दुसऱ्या एका नावाला जोडून येतं: चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील. ‘मदनाचे बाण यांना लागतच नाहीत’ अशी दोघींवरची खोडसाळ कविता इंग्लंडमध्ये अजून म्हटली जाते. मराठी वाचकाला यातल्या बील बाई जवळच्या वाटाव्यात, कारण १८८४ ते १८८६ या काळात पंडिता रमाबाई त्यांच्या कॉलेजात होत्या. स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. १८८६ च्या सुरुवातीला त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला निघाल्या ते तिथूनच. आयोगासमोर साक्ष देणाऱ्या, मुख्याध्यापिकांची संघटना उभारणाऱ्या बायकांचं हे जग रमाबाईंनी आतून पाहिलं होतं. ती संघटना निघाली १८७४ मध्ये आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष मिस बस.

एवढं असूनही बाई प्रत्येक वेळी योग्यच वागल्या असं नाही. लिलियन मरे ही हुशार विद्यार्थिनी. बाईंनी ठरवून टाकलं की हिने बहिऱ्या मुलांची शिक्षिका व्हायचं. तिने नकार दिल्यावर बाई चिडल्या. दुसरं काही करता येणार नाही असं बघेन, इथपर्यंत गेल्या. मुलगी म्हणाली, दंतवैद्य होण्यापासून मला तुम्ही अडवू शकणार नाही. लंडनच्या नॅशनल डेंटल हॉस्पिटलने तिची मुलाखत आत न घेता फूटपाथवर घेतली आणि नकार दिला. एडिंबराने घेतलं. १८९५ मध्ये ती ब्रिटनमध्ये शिकून पात्र ठरलेली पहिली स्त्री दंतवैद्य झाली. लग्नानंतरचं नाव लिलियन लिंडसे. १९४६ मध्ये ब्रिटिश डेंटल असोसिएशनचं अध्यक्षपदही तिच्याकडे आलं. शाळेने मुलींना उलट उत्तर द्यायला शिकवलं आणि ते पहिलं शाळेलाच मिळालं.

पुढचा काळ भरभर सांगतो. १९२९ मध्ये शाळेने एजवेअरजवळची कॅनन्स ही इस्टेट विकत घेतली. हँडेल जिथे संगीतकार म्हणून होता तो ड्यूकचा महाल इथलाच. आजचं मुख्य घर मात्र त्या महालाच्या जागी नंतर, १७६० च्या सुमारास बांधलेलं. १९४० पर्यंत सगळी शाळा तिकडे गेली. नंतर सरकारी अनुदान घेऊन काही जागा विनाशुल्क देणारी ‘डायरेक्ट ग्रँट’ शाळा, आणि ती व्यवस्था १९७० च्या दशकात बंद झाल्यावर पूर्णपणे खाजगी. कवयित्री स्टीव्ही स्मिथ, संततिनियमनाच्या प्रचारक मेरी स्टोप्स, संगीतकार जुडिथ वेअर, ‘व्होग’च्या ॲना विंटूर या इथल्याच. २०११ पासून दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर, पुढे दुबई आणि सिंगापूरमध्येही या नावाच्या शाळा निघाल्या. त्या मुलामुलींच्या एकत्र आहेत. नाव विकलं जातं तेव्हा त्यातलं काय घ्यायचं हे गिऱ्हाईक ठरवतं.

निवडक प्रवेशाचं पुढे देशपातळीवर काय झालं, याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर, गुणांवर मुलं निवडणाऱ्या सरकारी ग्रामर शाळांसाठी अकराव्या वर्षीची परीक्षा, म्हणजे ‘इलेव्हन प्लस’, देशभर रुळली. आणि एक विचित्र गोष्ट झाली: या वयात मुली सरासरीने मुलांच्या पुढे निघाल्या. जागा मात्र मुलांच्या शाळांत जास्त. बर्मिंगहॅममध्ये ग्रामर शाळांत मुलांना ५४० जागा आणि मुलींना ३६०. म्हणजे तेवढेच गुण मिळवून मुलगा आत, मुलगी बाहेर. प्रकरण तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९८९ मध्ये हा भेदभावच आहे असा निकाल लागला. १८६३ मध्ये मुली नापास होतात म्हणून शंका होती. सव्वाशे वर्षांनी त्या जास्त संख्येने पास होतात ही अडचण झाली.

आज हॅरो, स्टॅनमोर, एजवेअर या पट्ट्यात राहणाऱ्या भारतीय घरांत, अर्थात मराठी घरांतही, ही परीक्षा दिवाळीइतकी ठरलेली असते. त्यांच्यासाठी व्यवहारातलं थोडं. सरकारी ग्रामर शाळा आणि खाजगी शाळा यांची कॅलेंडरं वेगळी आहेत आणि घोळ होतो तो तिथेच. हेन्रिएटा बार्नेटसारख्या मुलींच्या सरकारी ग्रामर शाळेला फी नाही. तिच्यासाठी तिथल्या पाचवीचं (‘इयर फाइव्ह’) वर्ष संपण्याच्या सुमारास शाळेकडे परीक्षेची नोंदणी, सप्टेंबरात पहिली फेरी आणि ३१ ऑक्टोबरच्या आत स्थानिक कौन्सिलचा सामाईक अर्ज. प्रवेश कळतो १ मार्चला. परीक्षेची नोंदणी आणि कौन्सिलचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. परीक्षा उत्तीर्ण होणं म्हणजे जागा मिळणं नव्हे, तो फक्त रांगेतला क्रमांक. अर्जात पसंतीक्रम खरा लिहावा. कितवी पसंती दिली हे शाळांना कळत नाही, त्यामुळे ‘पहिली पसंती वाया जाईल’ ही भीती निराधार आहे. पण खाली घराजवळची एक खात्रीची शाळा लिहिली नाही, तर कौन्सिल कुठेतरी शिल्लक असलेली जागा हातात ठेवतं.

खाजगी शाळेचा अर्ज थेट शाळेकडे जातो. लेखी परीक्षा आणि मुलाखत हिवाळ्यात, निर्णय बहुधा फेब्रुवारीत. म्हणजे अनामत रक्कम भरायची तारीख आणि सरकारी निकालाची तारीख अगदी लागून येतात, आणि पुष्कळांचे पैसे या फटीत अडकतात. अनामत परत मिळते का, कुठल्या तारखेपर्यंत, हे सही करण्याआधी वाचावं. जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे. शिष्यवृत्ती आणि बर्सरी यांतही फरक आहे. शिष्यवृत्ती गुणांवर मिळते आणि बहुधा छोटी असते. बर्सरी उत्पन्न पाहून मिळते, पूर्ण फीपर्यंतही जाऊ शकते, पण पगाराचे आणि मालमत्तेचे कागद मागतात. भारतातला फ्लॅटही त्यात मोजला जातो.

तयारीत जे चुकतं ते अजून १८६३ मधलंच आहे. क्लासमध्ये एकेका प्रकारच्या उदाहरणांचे गठ्ठे सोडवून घेतात: आज टक्केवारी, उद्या गुणोत्तर. परीक्षेत मथळा नसतो. त्यामुळे शेवटच्या काही महिन्यांत वेगवेगळ्या प्रकारची मिसळलेली उदाहरणं, घड्याळ लावून. आणि चुकलेल्या प्रत्येक उदाहरणापुढे कुठला नियम लावायचा होता ते मुलीने स्वतः एका ओळीत लिहायचं. जून-जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुली वर्गात सगळ्यांत लहान असतात. अनेक परीक्षांत वयानुसार गुण जुळवून घेतात, काहींत नाही. शाळेला विचारून घ्यावं. आणि वाचन. शब्दांच्या याद्या पाठ केलेली मुलगी उताऱ्यात अडखळते, गोष्टी वाचलेली अडखळत नाही.

मिस बस यांच्या दोन शाळांपैकी धाकटीचं काय झालं, हे राहिलं. थोरली शाळा कॅनन्सला गेल्यावर कॅम्डन स्कूल फॉर गर्ल्स सँडल रोडच्या त्याच जागेवर आली. आधी ती ग्रामर होती. १९७० च्या दशकात सर्वांसाठीची सरकारी शाळा झाली. फी नाही. प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या मुलींना तिथेही एक चाचणी द्यावी लागते. तिच्या गुणांवरून मुलींचे गट पाडतात आणि प्रत्येक गटातून मुली घेतात. हुशार घेतात, मध्यम घेतात, कच्च्याही घेतात. काज करायला सांगत नाहीत.